काळात जाणाऱ्या ढोलीचं दार

यंत्र काळात मागं-पुढं कसं जातं, ते मला विचारू नका. ते नाटक लिहिणाऱ्याचं डोकं. मी मोहाडीचा वाढई, म्हणजे तुमच्या भाषेत सुतार. मला दाराबद्दल विचारा. चोरदाराबद्दल विचाराल तर मग चहा ठेवायला सांगा, कारण मी लवकर उठत नाही.

आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांचे सेट करण्यात माझा जन्म गेला. राजवाडे केले, तुरुंग केले, नायिकेनं उडी मारायच्या विहिरी केल्या. पण हल्लीची पोट्टी भेटली की एकच विचारतात, "काका, थे टाइम मशीन तुम्हीच बनवलं होतं ना जी?" होय, मीच. एक नाही, अशी तीन-चार केली. आणि त्यातलं एकही यंत्र यंत्रासारखं दिसत नव्हतं, याचाच मला अभिमान आहे.

आमच्या मंडळीचे मालक हेच लेखक आणि हेच खलनायक. एका दिवाळीआधी ते माझ्या पडवीत येऊन बसले आणि म्हणाले की यंदाच्या नाटकात काळात जाणारं यंत्र आहे. मी म्हटलं, बरं, पत्रा आणतो, लाल-हिरवे दिवे लावतो. त्यांनी कपाळाला हात लावला. दिव्याबिव्याचं यंत्र गावात नेलं तर लोक समजतील वीजवाले मीटर बसवायला आले. यंत्र असं पाहिजे की समोर उभं असून कोणाला कळू नये. लोकांच्या रोजच्या पाहण्यातली वस्तू, आणि ऐन वेळी तिला दार फुटावं. मालकांचं डोकं पैशाच्या बाबतीत कसंही चालत असो, नाटकाच्या बाबतीत सरळ चालायचं.

तर पहिलं यंत्र पानठेला. रंग वाळायला म्हणून मी तो बाजाराच्या दिवशी रस्त्याच्या कडेला उभा केला. एक गृहस्थ आले, सुपारी-तंबाखूचा खर्रा मागितला. मी म्हटलं, हा पानठेला नाही. मंग काय होय, म्हणाले. मी खरं तेच सांगितलं. त्यांनी मला खालून वर पाहिलं आणि पलीकडच्या ठेल्यावर जाऊन जाहीर केलं की वाढई आज सकाळीच घेऊन बसला. आठवडाभर ओळखीचे लोक माझं तोंड हुंगत होते. मला मात्र आतून गुदगुल्या होत होत्या. खर्ऱ्याचं गिऱ्हाईक फसलं म्हणजे काम फत्ते झालं.

आता दार कसं लपतं ते सांगतो. दार लपवायचं असेल तर त्याची फट लपवावी लागते. फट मिटत नाही, कितीही रंधा मारा. मग ती अशा जागी ठेवायची जिथं माणसाच्या डोळ्याला आधीच रेघ दिसायची सवय आहे. पानठेल्यात पुड्यांच्या माळा लोंबतात, त्या माळेच्या मागं फट. लोखंडी कपाटाला मधोमध रेघ असतेच, लोक तिकडंच बघत राहतात, आपण दार कडेला काढायचं. बिजागरी लोखंडी लावली की ती कुरकुरते, म्हणून मी सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ठोकतो. ती दुमडते आणि तोंडातून आवाज काढत नाही. खुटीला मेणबत्ती घासायची. आणि दार आतल्या बाजूला उघडायचं नाही, कारण आत माणूस असतो आणि माणसाला पोट असतं.

हे मी अनुभवानं बोलतो. आमच्या एका नायकाचं माप मी दसऱ्याला घेतलं आणि त्यावर कपाटाचं दार बेतलं. त्यानंतर मंडईचा हंगाम लागला. भाऊबीज झाली की आमच्या जिल्ह्यात गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, नाटकं होतात, पाहुणे येतात, लेकी माहेरी येतात, आणि गाव नटाला जेवू घातल्याशिवाय सोडत नाही. हंगामाच्या शेवटी नायक भूतकाळात गेला तो तिथंच अडकला. कडी बाहेरून होती. आतून बिचारा "वाढईभाऊ, वाढईभाऊ" करत होता आणि प्रेक्षकांना वाटलं, भूतकाळात वाढई भेटला. त्या दिवसापासून मी नेम केला, आतल्या माणसाच्या हाताला कडी लागलीच पाहिजे. कोणतंही यंत्र असो, आत जाणारा स्वतःच्या हातानं बाहेर आला पाहिजे.

हा नेम मी कधी मोडला नाही. तो कसा निरुपयोगी ठरला, तेच सांगायला ही लेखणी धरली आहे.

ढोली सगळ्यांना माहीत असेलच असं नाही. आमचा धानाचा मुलूख. कापलेला, चुरलेला म्हणजे मळलेला धान ठेवायला बांबूच्या कमच्यांची विणलेली, माणसाहून उंच, गोल अशी कोठी असते, ती ढोली. आतून-बाहेरून माती-शेणानं लिंपायची. वरून धान भरायचा, आणि काढायला खाली एक वाटीएवढं तोंड, त्यात चिंधीचा बोळा कोंबलेला. भरून झाली की जिथं जिथं फट दिसेल तिथं चिकणमाती आणि कोंडा कालवून बुजवायचं, नाहीतर उंदीर आणि सोंडे किडे सुटतात. हे काम घरातल्या बाईचं. आणि बुजवलेली ढोली फोडायचा मान घरातल्या थोरल्या बाईचा. ती हात जोडते, पाण्याचा हात फिरवते, माती भिजली की नखानं कोरून काढते. आता प्लास्टिकची पोती आली, धान घरी न येता परस्पर जातो. पण गावात ढोली पाहिली नाही असा माणूस सापडायचा नाही. म्हणून मालकांनी पुढच्या नाटकाचं यंत्र ढोलीत दडवलं.

गोष्ट अशी. काशी नावाची म्हातारी. तिच्या घरची ढोली म्हणजे खरं तर काळात नेणारं यंत्र. पडलेलं सूप उचलायला ती ढोलीच्या मागं जाते, आणि समोरून ढोली उघडते तर काशी अठरा वर्षांची होऊन बाहेर येते, ज्या दिवशी तिला पाहायला पाहुणे येणार आहेत त्या दिवसात. म्हातारीचं काम लीलाबाईचं, तरुण काशीचं काम तुमसरच्या रेश्माचं, असं मालकांनी ठरवलं.

लीलाबाई म्हणजे आमच्या मंडळीचा कणा. माहेर अड्याळचं. मी मंडळीत आलो तेव्हा ती नायिका होती, मग वहिनी झाली, मग आई झाली. गुडघे गेले होते, आवाज जसाच्या तसा होता. तिनं नाटक ऐकून घेतलं आणि म्हणाली, दोन्ही काशी मी करीन. मालक हसले. मग त्यांना कळलं की ती गमतीत बोलत नाही.

त्यांचं म्हणणं चुकीचं होतं असं नाही. हे नाटक दुपारचं ठेवलं होतं. आयाबायांना रात्रभर जागणं होत नाही, घरची कामं असतात, म्हणून मंडईच्या दुपारी खास त्यांच्यासाठी. रात्री दिवे असतात, दिवा कमी केला की दहा वर्षं कमी होतात. दुपारचं ऊन कोणाची भीड ठेवत नाही.

"लोकायच्या हातात मोबाइल हाय बाई आता," मालक म्हणाले. "मोठं करकरून पायतेत. तुमची सुरकुती गावभर फिरन."

"फिरू द्या," लीलाबाई म्हणाली. "माह्या आवाजाले त सुरकुत्या नाही पडल्या."

वादावादी झाली. मी खुर्चीचा पाय बसवत होतो, पण कान तिकडंच. शेवटी मालकांनी तोडगा काढला. पहिला प्रयोग तिनं दोन्ही काशी करून दाखवायचा. जमला तर काम तिचं. नाही जमला तर तरुण काशी रेश्मा करील, आणि म्हातारी काशी मग दोन पानांपुरती उरेल. हे सगळ्यांना कळत होतं. रेश्मालाही. त्या पोरीचं मला कौतुक वाटतं, ती स्वतःच लीलाबाईच्या लुगड्याला हुक लावत बसली, म्हणजे आत एका ओढीत निघेल.

संध्याकाळी लीलाबाई माझ्या पडवीत आली. गुडघ्यावर हात ठेवून बसली आणि म्हणाली, "वाढईभाऊ, मी आत जावं आनं दुसरीनंच बाहेर निघावं, असं नका करू जी. मले बाहेर काढा."

मी तिला म्हटलं, बाई, तुमचं वय मी काढू शकत नाही, पण दार असं देतो की गावाचे डोळे फिरतील. बोलून बसलो. मग झोप कुठली.

ढोली मी बुरडाकडून विणून घेतली, नेहमीपेक्षा अंगानं रुंद. तिला दोन चोरदारं. मागचं दार आत शिरायला, ते साधं, लोकांना दिसत नाही. समोरचं दार म्हणजे माझी खरी विद्या. खरी माती लावून उपयोग नव्हता, गाडीत हादऱ्यानं गळून पडली असती. म्हणून कापड, लाकडाचा भुसा आणि सरस यांचा लेप दिला. तो मी दिला आणि वाईट दिसला. पुरुषाच्या हातानं सारवलेली भिंत लगेच ओळखू येते, हात कुठं वळवावा ते कळत नाही. मग माझ्या बायकोनं, शांतानं, पदर खोचला आणि सगळी ढोली तळहातानं फिरवून दिली. बोटांच्या अर्धगोल रेघा उमटल्या, आणि त्या रेघांच्या वळणावळणानंच मी दाराची फट कापली. सरळ कापली असती तर दिसली असती. आत एक छोटा स्टूल, आरसा, वारा यायला वरून जागा. आणि माझ्या नेमाप्रमाणे आतून लाकडी खुटी. फिरवली की दार बोटानं ढकललं तरी बाहेर जायचं.

तालमीत लीलाबाई मागून शिरायची, मोबाइलची बॅटरी दातात धरायची, वरचं पांढरं लुगडं आणि पांढऱ्या केसांचा टोप काढायची, आत हिरवं लुगडं तयारच. गाण्याचं एक कडवं संपायच्या आत दार उघडून बाहेर. पहिल्यांदा ती बाहेर आली तेव्हा ऑर्गनवाला वाजवायचं विसरला. मालकांनी चहा मागवला. मी शांताला म्हटलं, जमलं. तिनं सांगितलं, आधी प्रयोग होऊ दे.

प्रयोग आंबागडाच्या पायथ्याकडच्या एका गावी होता. आम्ही सकाळी पोचलो. मंच शाळेजवळच्या पटांगणात, बाजूला घरांची ओळ. ढोली उतरवून आम्ही तात्पुरती एका घराच्या भिंतीशी ठेवली, तोंड रस्त्याकडं, आणि पडदे बांधायला गेलो. गावात मंडईची गडबड. दारोदारी सडा, सारवण चाललेलं. मी जाता येता पाहत होतो, बाया ढोलीजवळून जात होत्या आणि कोणाला काही संशय येत नव्हता. मी मिशीतल्या मिशीत हसत होतो.

त्या घरात अनसूया नावाची आजी होती. हे सगळं मला नंतर कळलं. आजी सारवण करत बाहेर आली तर भिंतीशी ढोली. नाटकवाल्यांची आहे हे तिला माहीत होतं. पण ढोली ती ढोली. तिच्या नजरेला माझी फट दिसली. अख्ख्या गावात एकटीला दिसली, कारण ती जन्मभर ढोलीच्या फटीच पाहत आली होती. तिला वाटलं, पाहुण्यांची ढोली तडकली, धान भरतील तर उंदीर लागतील. मंडईच्या दिवशी अशी तडकलेली ढोली चारचौघांत उभी राहणार, बरं दिसतं का. मग तिनं चिकणमाती, कोंडा आणि शेण कालवलं आणि वरपासून खालपर्यंत फट बुजवली. वरून हात फिरवला तो असा की शांताच्या हाताशी जोड जुळली. खालच्या तोंडात जुनी चिंधी होती, ती काढून स्वच्छ बोळा कोंबला. एवढं झाल्यावर बाई निवांत आंघोळीला गेली, नाटकाला पुढची जागा धरायची होती ना.

दुपारपर्यंत उन्हानं सगळं टणक झालं. आम्ही ढोली मंचावर चढवली. मी मागचं दार उघडून पाहिलं, आतली खुटी फिरवून पाहिली, ठीक होती. समोरचं दार लोकांपुढं उघडून पाहणार कसं? बाया येऊन बसल्या होत्या.

नाटक सुरू झालं. म्हातारी काशी खोकत, कमरेवर हात ठेवत ढोलीमागं गेली. मी मागच्या पडद्याआड, दार धरून उभा. ती शिरली. बॅटरीचा उजेड, लुगड्याचा हुक सुटल्याचा आवाज. कडवं संपलं. खुटी फिरली, ती मला ऐकू आली.

दार उघडलं नाही.

तिनं पुन्हा ढकललं. ढोली हलकी, बांबूची. अख्खी ढोलीच पुढं डुलली. जोर लावला असता तर ढोली बाईसकट प्रेक्षकांत गेली असती. ऑर्गनवाल्यानं कडवं परत घेतलं. पुन्हा संपलं. पुढच्या रांगेत कुजबूज. विंगेतून मालक मला खुणा करत होते, पडदा पाडा म्हणून. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, तेच मला जास्त लागलं. ते रेश्माकडं पाहत होते. रेश्माच्या डोळ्यांत पाणी.

मी मागचं दार किलकिलं केलं आणि हळूच म्हटलं, "बाई, मागून या. मागून निघा, चक्कर मारून समोर जा."

आत काळोखात ती हिरव्या लुगड्यात उभी होती. घामानं रंग ओघळत होता.

"मागून निघाली त मी म्हातारीच निघाली," ती म्हणाली. "समोरून निघीन नाही त नाही निघत. दार लावा तुम्ही."

मी दार लावलं. आयुष्यात इतक्या कडू मनानं मी दार लावलेलं नाही. माझ्याच हातचं दार फसलं, असंच मला वाटत होतं. पायाखालची जमीन सरकते म्हणतात ती मंचावर सरकली तर फळ्या मोजता येतात, हे त्या दिवशी कळलं.

मग ढोलीच्या खालच्या तोंडातला बोळा सरकला. आतून ओढून घेतला तिनं. त्या वाटीएवढ्या भोकातून आवाज आला, "कोनी हाय का बाहेर? मी काशी होय. मले बाहेर येऊ द्या." हे वाक्य नाटकात कुठं नव्हतं. आणि पाठोपाठ तिनं तरुण काशीचं गाणं सुरू केलं, बाहेर येऊन म्हणायचं ते, तिथूनच, काळोखातून. ऑर्गनवाला शहाणा, त्यानं स्वर धरला.

मी तिचा आवाज पुष्कळ वर्षं ऐकत आलो होतो. पण चेहरा न दिसता कधी ऐकला नव्हता. तो आवाज कोवळ्या पोरीचा होता.  चिल्लीपिल्ली आयांच्या मांडीवर सरकली. ज्यांनी मोबाइल वर धरले होते त्यांना दाखवायला समोर नुसती ढोली होती.

आणि पुढच्या रांगेतून अनसूया आजी उठली. तोंडावर हात ठेवून मोठ्यानं म्हणाली, "अवो माय! थे त मीच बुजवलं."

मंचाच्या पायऱ्यांवर गावच्या मंडळाचा एक कार्यकर्ता आडवा आला. तिनं त्याला बाजूला केलं. शेजारणीच्या हातची पाण्याची बाटली घेऊनच ती वर चढली. ढोलीसमोर उभी राहिली. आणि सवयीनं आधी हात जोडले. मग तळहातावर पाणी घेऊन फटीवरून फिरवलं, पुन्हा घेतलं, पुन्हा फिरवलं. आतून गाणं चालूच. माती भिजली तशी ती नखानं कोरू लागली, हातातल्या कड्याच्या कडेनं खरवडू लागली. तिला कसलीही घाई नव्हती. समोर शेकडो माणसं बसली आहेत हे ती विसरली असावी. मग दोन्ही हातांनी कड धरली आणि ओढली.

माझं दार उघडलं. आवाज न करता उघडलं, हे मला सांगितलंच पाहिजे.

हिरव्या लुगड्यातली लीलाबाई बाहेर आली. दुपारचं ऊन थेट तोंडावर. रंग ओघळलेला, कपाळावर माती. ती तरुण दिसत होती का? मी मागं होतो, मला पाठ दिसत होती. पण आजीचा चेहरा मला दिसत होता. आजीनं तिच्याकडं पाहिलं, दोन्ही हात तिच्या गालांवरून फिरवून स्वतःच्या कानशिलांशी कडाकडा बोटं मोडली आणि म्हणाली, "केवढीशी हाय वो पोरगी."

लीलाबाई तिच्या पायांवर वाकली. गुडघ्यांसकट. टाळ्या नंतर झाल्या, आधी बाया पदरानं डोळे पुसत होत्या.

दुसऱ्या दिवशी मालक सगळ्यांना सांगत होते की ढोली गावानं उघडायची ही कल्पना त्यांच्या डोक्यात आधीपासून होती. आम्ही माना डोलावल्या. काशीचं काम लीलाबाईला मिळालं, दोन्ही काशी. आणि पुढं प्रत्येक गावात तोच रिवाज पडला. सकाळी गावातल्या थोरल्या बाईनं फट बुजवायची, दुपारी गाणं सुरू झालं की तिनंच येऊन फोडायची. यावरून भांडणं काय झाली, बाप्पा! एका गावात दोन म्हाताऱ्या, दोघीही म्हणतात मीच थोरली, आणि एकीचा लेक सांगतो की आईनं लग्नाच्या वेळेपासून वय वाढवूनच सांगितलंय. शेवटी दोघींनी मिळून ढोली फोडली आणि नाटकभर एकमेकींशी बोलल्या नाहीत.

माझी मात्र खंत राहिली. ते दार आपलं आपण उघडतं, न दिसणाऱ्या फटीतून, मेणासारखं, हे कोणत्याही गावानं पाहिलं नाही. मी लीलाबाईला म्हटलंही, बाई, एखाद्या ठिकाणी तरी खुटी फिरवून बाहेर या की, लोकांना कळू द्या वाढईनं काय केलंय ते.

ती म्हणाली, "तुमचं दार लय चांगलं हाय भाऊ. पन आतून आपल्या हातानं निघनं येगळं आनं कोनी तरी बाहेरून काढनं येगळं. थे खुटी काढूनच टाका."

खुटी मी काढली नाही. वाढई आहे, खुळा नाही. प्रत्येक प्रयोगात मागच्या दाराची कडी हातात धरून उभा राहत गेलो. तिनं ती कधी वापरायला लावली नाही.

मागच्या हंगामात लीलाबाईचे गुडघे पार थकले. वैद्य झाले, दवाखाना झाला, वाकणं होईना. तिनं स्वतःच मालकांना सांगितलं, आता रेश्मा करील. रेश्मा तिच्या पाया पडायला अड्याळला गेली तर बाईनं तिला हुकाचं लुगडं दिलं आणि म्हणाली, मी काही पाहायला येणार नाही. आली नाहीच. एकामागून एक गावं झाली, आम्ही निरोप पाठवत होतो, तिचा निरोप परत, जमत नाही. मला तिच्या जमत नाहीचा अर्थ कळत होता. जी बाई मागच्या दारानं निघायला तयार नव्हती, ती आता मागच्या दारानंच गेली, असं मला सारखं वाटायचं. शांताला बोलून दाखवलं तर तिचेही डोळे भरले.

हंगामाचा शेवटचा प्रयोग अड्याळला होता. गावात तिच्याहून मोठ्या आज्या होत्या. पण सकाळी ढोली बुजवायला बायांनी ज्येष्ठ आजीला बोलावलं तर तिनं साफ सांगितलं की यंदा लीला फोडील, गावची लेक आहे. आणि काठी टेकत थेट तिच्या दारी जाऊन तिला घेऊन आली. लीलाबाई आली ती माझ्याकडं न पाहता. माती कालवली, फट बुजवायला लागली. मी म्हटलं, बाई, जाड होते आहे, पोरीला अवघड जाईल. ती म्हणाली, फोडणार मी आहे की तुम्ही? तेव्हा जरा बरं वाटलं.

दुपारी रेश्मा ढोलीमागं गेली. मी माझ्या जागी, पडद्याआड, कडी धरून. कडवं संपलं. बोळा सरकला. पडद्याच्या फटीतून मला समोरची पहिली रांग दिसत होती. लीलाबाई बसलेली होती. उठली नाही.

आतून आवाज आला, "कोनी हाय का बाहेर? मी काशी होय."

लीलाबाई दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली होती. गाणं सुरू झालं. अर्धं कडवं गेलं. मग तिनं शेजारच्या आजीच्या खांद्यावर हात टेकला आणि उठली. पायऱ्या एकेक करून चढली. ढोलीपुढं उभी राहून हात जोडले. त्या दाराची फट तिच्याइतकी मलाही पाठ नसेल, डोळे मिटून बोट ठेवलं असतं तिनं. पण तिनं तळहात ओला करून सबंध ढोलीवरून फिरवला, हळूहळू चाचपत, माहीत नसल्यासारखा. मग नखानं माती कोरू लागली.

गाण्याच्या मध्येच रेश्मानं ते वाक्य परत म्हटलं. नाटकात ते एकदाच आहे. "कोनी हाय का बाहेर?"

"हाव," लीलाबाई ढोलीला तोंड लावून म्हणाली. "हाय ना माय, मी हाय."

मागच्या दाराच्या कडीवर माझा हात होता. तो मी काढून घेतला.